खेळताना फोन घ्यायचा नाही

आईची आणि शेजारच्या खालांची अष्टाचंगाची जोडी तीस वर्षांची. नंदुरबारला आमच्या मागच्या ओट्यावर खडूनं पट आखलेला असायचा. जेवणं आटोपली की दोघी चार कवड्या घेऊन बसायच्या आणि तोंडाचा पट्टा सुरू. दोन वर्षांपूर्वी खाला सुरतेला लेकाकडे राहायला गेल्या आणि आईची दुपार मोकळी पडली. मी घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते, प्रोग्रॅम लिहिते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, दोघींच्या फोनवर खेळ करून देते, दिवाळीला.

दिलाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहिलेला, ओबडधोबड, पण चालणारा. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "फोन उना का खेळ बंद पडस वं." खालांचा फोन आला होता, तो घेतला आणि डाव तिथंच अडकला. मी मान वर न करता सांगितलं, खेळताना फोन घ्यायचा नाही. ती बरं म्हणाली.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाला मी तो कोड कौतुकानं दाखवला. त्यानं वाचला आणि नुसता हसला. कवड्यांचं दान खेळणाऱ्याच्याच फोनवर ठरतंय, म्हणाला, कुणीही लबाडी करेल. झालं, माझं डोकं फिरलं. खेळ परत घेतला. आईला सांगितलं, पक्का करून देते. रस्ट नावाची एक भाषा आहे, ऑफिसात तिचं नाव निघालं की सगळे माना डोलावतात. तिच्यात सगळा खेळ पहिल्यापासून लिहायचा की जुनाच दुरुस्त करायचा, यावर मी दोन महिने काढले. वहीत दोन रकाने पाडले. रस्टच्या रकान्यात लबाडी होणार नाही, वेग मिळेल, पुढे हजारो लोक खेळतील, असं काय काय लिहिलं. लबाडीचा बंदोबस्त जुन्या भाषेतही झाला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खरं कारण म्हणजे मला त्या हसणाऱ्याला पुन्हा तोंड दाखवायचं होतं, आणि ते मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. आता सांगतानाही कानशिलं तापतात.

शेवटी रस्ट घेतलं. मिरचीचा हंगाम आला, गावाबाहेर मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या लाल झाल्या, घराघरात शिंका सुरू झाल्या आणि थांबल्याही. दुसरी दिवाळी गेली. आई रोज चहा देताना विचारायची, "व्हयनं का वं?" मी रोज सांगायची, होत आलंय. एकदा तर तिच्यावर खेकसले, की हे काही भाकऱ्या थापणं नाही. भाकऱ्या थापणं मला येत नाही, हे वेगळंच.

परवा दुपारी पाणी प्यायला उठले, तर मागच्या दारातून आईचा आवाज आला. ओट्यावर पट आखलेला. समोर कुणी नाही, कडेला स्पीकरवर फोन. त्यातून खाला म्हणत होत्या, "मेरे आठ पडे. तेरी दरवाजेवाली गोटी मर गई, उठा." आणि आईनं मुकाट्यानं आपलीच सोंगटी उचलून घरात ठेवली. मग सुरतेत काय शिजलं, सुनेचं काय चाललंय, गुडघ्याला कुठलं तेल. मग आईनं कवड्या टाकल्या, "मन्ह्या तीन." तिकडे खालांनीही पट मांडला असणार आणि त्यावर आईची सोंगटी तीन घरं सरकवली असणार.

सुरतेत कवड्या कशा पडल्या ते आईला दिसत नव्हतं. तिनं ते विचारलंही नाही. आणि मी वर्षभर या दोघींमधली लबाडी रोखत बसले होते. असं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

आईनं मला पाहिलं. घाईनं पटावर सूप पालथं घातलं आणि फोनमध्ये पुटपुटली, "पोरगी उनी, ठेव." मग पदर सारखा करत माझ्याकडे वळली आणि विचारलं, "व्हयनं का वं?"

म्हणजे ती रोज विचारत होती ते माझ्यासाठी. कधीपासून खेळताय, मी विचारलं. संक्रांतीपासून, म्हणाली, खालाच म्हणाल्या होत्या की पोरीला सांगू नको, तिला वाईट वाटेल. मग तिनंच विचारलं, "तुन्हा नवा खेळमा फोन उना ते बंद पडी का?"

मी वर्षभरात तिची ती तक्रार कुठंच टिपली नव्हती. नव्या खेळात मी फोनचा विचारच केलेला नव्हता. पडेल, मी म्हटलं.

"मंग आम्ही खेळताना बोलनार नही," आई म्हणाली. "तू इतली मेहनत करी ऱ्हायनी."

मी पटावरचं सूप उचललं. सोंगट्या हलल्या नव्हत्या. खालांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला.