सिद्राम आणि जॉर्डनचा तास

सिद्रामला वेळ विचारली की तो आधी विचारायचा, "कुटली? हितली का तितली?" आपण सोलापुरात उभे, जेवणाची सुट्टी झाली का एवढंच हवं असायचं. चीड यायची.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तो संगणक सांभाळायचा आणि मी हिशेब. त्याचं गाव दुधनी, कर्नाटकच्या सीमेवरचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी. एकदा त्यानं एक कागद छापून आणला. नुसते आकडे आणि अक्षरं, मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखी. "नोडरी साहेब, बघा, ही भारताची वेळ."

संगणक देशोदेशीच्या वेळा अशा फाइलींत ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. माणसानं वाचावी म्हणून ती फाइल लिहिलेलीच नसते. घड्याळ कधी बदललं ते क्षण सेकंदांत, आणि तिथून पुढं ग्रिनिचशी फरक किती, तोही सेकंदांत. आपले साडेपाच तास म्हणजे १९,८००. मी गुणाकार करून पाहिला, बरोबर निघाला. महायुद्धात आपली घड्याळं तासभर पुढं होती, तेही त्यात होतं. "घड्याळाला काय कळतंय? नियम फाइलीत हाय," असं तो म्हणायचा.

जॉर्डनला आमचे टॉवेल जायचे. तिथल्या सरकारनं हिवाळ्यात घड्याळ तासभर मागं घ्यायचं अचानक बंद केलं. आमच्या जुन्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. त्यातली फाइल जुनाच नियम धरून बसली. सिद्राम म्हणाला, "तासभर मशीन द्या, नवी फाइल घालतो." मी म्हणालो, महिनाअखेर आहे, जमणार नाही. ते तसंच राहिलं, आणि पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, बुधवारी, जॉर्डनचा ग्राहक व्हिडिओ कॉलवर तासभर आमची वाट बघत बसला; कॉलची वेळ त्याच संगणकानं काढली होती. मालक माझ्यावर घसरले.

सिद्राम त्या दिवशी रजेवर होता. पुढचा कॉल चुकू नये म्हणून मी संगणकाचं घड्याळच एक तास पुढं केलं. शिलाई खात्याचं हजेरीयंत्र त्यावरूनच वेळ घेतं, हे डोक्यातच आलं नाही. गुरुवारी नऊला पाच मिनिटं असताना आलेल्या खात्यातल्या सगळ्या अकरा बायकांची नोंद दहाला पाच मिनिटं असतानाची पडली. अकरा जणींचा अर्धा दिवस कापला.

"आमी आलो तवा भोंगाबी झाला नव्हता की, मालक!" त्यांच्यातली रुक्मिणीबाई ओरडली.

मालक सगळ्यांसमोर सिद्रामला म्हणाले, "तुझं मशीन, तुझी चूक. घरी बस."

घड्याळ कुणाच्या नावानं बदललं, तेही संगणक लिहून ठेवतो. सिद्रामनं ते पाहिलं होतं. बाहेर चहाच्या गाड्यावर तो एवढंच म्हणाला, "आकडा बदललात साहेब, नियम तसाच ऱ्हायला. मालकास्नी तुमीच सांगा. मी सांगितलं तर चुगली हुतीय."

उद्या सांगतो, म्हणालो. शुक्रवारी सांगितलं नाही. शनिवारीही नाही. पैशापैशाचा मेळ घालणारा मी, पण एक वाक्य तोंडातून निघेना. अजूनही स्वतःचा राग येतो.

सोमवारी सांगितलं. मालक म्हणाले, "बोलवा त्याला." सिद्राम फोनवर म्हणाला, "न्हाय येत साहेब. सगळ्यांसमोर घालवलंय मला. हितं गावातच दुरुस्तीचं दुकान टाकतो."

अकरा जणींचे अर्धे दिवस मी माझ्या पगारातून दिले, प्रत्येकीची सही घेऊन. सिद्रामचे त्या महिन्यातले राहिलेले आठ दिवसांचे पैसे घेऊन रविवारी दुधनीला गेलो. पाकिटात माझे हजार रुपये जास्तीचे घातले होते. त्यानं दोनदा मोजले, हजार काढून माझ्या खिशात कोंबले. "आठच दिवस काम केलंय की," म्हणाला, आणि उरलेल्याची पावती लिहून दिली.