पाठ ताठ ठेवून केलेला नमस्कार

दारातले वर्तमानपत्र उचलताना माझ्या पाठीत एक लहानसा आवाज झाला. सुपारी फुटावी इतका. वर्तमानपत्र घेऊन मी आत आलो, ते वाचले, आणि मग मला खुर्चीतून उठता येईना.

तपासणीत एक मणका चेपलेला निघाला. हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राने उरलेल्या हाडांविषयीही चांगले मत दिले नाही. हाडे ठिसूळ झाली आहेत, असे डॉक्टर म्हणाले. हा बायकांचा आजार आहे, असे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. हाडांना ते ठाऊक नसते, असे ते म्हणाले. त्यांनी औषध लिहून दिले, दुखणे ओसरल्यावर व्यायाम शिकण्यासाठी शंकर नगरमधल्या एका फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितले, आणि तोवर पाळायच्या सूचनांचा एक छापील कागद हाती ठेवला. त्यावरची पहिली ओळ होती : पुढे वाकू नये.

मी रेल्वेत रुळांच्या देखरेखीवर होतो. नियम पाळल्याने माणसे जिवंत घरी जातात, हे मी पाहिलेले आहे. पहिली ओळ वाचून मी कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आणि वाकणे बंद केले.

घराला ते जड गेले. आंघोळीची बादली स्टुलावर चढली. मोजे उचलण्यासाठी मी लांब दांड्याचा चिमटा आणला. देवघर जमिनीलगत होते. पूजा बसून करावी तर दिवा लावताना वाकावे लागे, म्हणून देव उचलून फ्रिजवर ठेवण्यात आले. मी उभ्याने पूजा करू लागलो. फ्रिजची मोटर सुरू झाली की देवांपुढची घंटी आपोआप किणकिणत असे. आमचे देवस्थान जागृत झाले, असे सौभाग्यवती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागली. पूजेच्या वेळी कोणी दूध काढायला फ्रिज उघडू नये, असा एक नियम मला वाढवावा लागला.

इथपर्यंत सर्व ठीक होते. मग भाऊबीज आली.

माझी थोरली बहीण शहराच्या जुन्या भागात, ब्राह्मणपाऱ्यात, मुलाकडे असते. वय सहा कमी नव्वद. आईवडील गेले, दोघे थोरले भाऊ गेले. माझ्याहून मोठे असे एवढेच एक माणूस उरले आहे. दर रविवारी सकाळी मी तिच्याकडे जात असे; दुखण्यामुळे मधले काही रविवार चुकले होते. तिला आता नीट दिसत नाही. कोण आले हे ती पायांवर पडलेल्या हातांवरून ओळखते. ओळख पटली की पाठीवर हात ठेवते, आणि मगच बोलते. हात पडला नाही तर तिच्या लेखी कोणी आलेलेच नसते.

त्या दिवशी मी ओवाळणी घातली आणि ताठ उभा राहून हात जोडले. ती वाट पाहत राहिली. अखेर सुनेने तिला सांगितले की मामा हात जोडून उभे आहेत.

"हात जोडून? मी का मंत्री हाय?"

मी आजार सांगितला. मणका सांगितला, यंत्र सांगितले, नियम सांगितला.

"तो त बायकायचा रोग हाय. तुले कसा होईन? मले वीस वर्सं झाले. मी वाकून नाही राहिली का?"

ती वाकत होती, असे म्हणणे बरोबर नव्हते. ती सरळ होत नसे. वाकता येईल त्या दिवशी ये, असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड केले. पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा मी खोलीत असताना तिने सुनेला दोनदा विचारले की आज कोणी आले नाही का. त्यानंतर मी गेलो नाही. रविवारी वर्तमानपत्र दोनदा वाचू लागलो.

फिजिओथेरपिस्ट ही चोविसेक वर्षांची मुलगी होती. घरचे मराठी, मी मराठीत विचारी, ती हिंदीत उत्तर देई. तिने आधी हेच विचारले की व्यायामाने तुम्हाला काय करता यायला हवे आहे. लोक जिने चढायचे म्हणतात, नातवंड उचलायचे म्हणतात. मी म्हणालो, बहिणीच्या पाया पडायचे आहे. पण वाकण्यास मनाई आहे.

"अंकल, झुकना मना नहीं है. पीठ गोल करना मना है. कागज़ पूरा पढ़ा था?"

पहिली ओळ वाचली होती, असे मी सांगितले. तिने मला दुसरी वाचून दाखवली. खाली जाणे आवश्यक असल्यास पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून व गुडघ्यातून जावे. दीड महिना ही ओळ माझ्याच कपाटावर होती. त्या संध्याकाळी देव फ्रिजवरून खाली आले. देवस्थान जागृत राहिले नाही, याबद्दल सौभाग्यवतीने नापसंती दर्शवली.

मुलीने बहिणीच्या पायांची जमिनीपासूनची उंची विचारली. असा प्रश्न मला पूर्वी कोणी केला नव्हता. मी सुनेला फोन केला. बहीण तख्तावर, म्हणजे लाकडी पलंगावर, बसते आणि पाय खाली टेकत नाहीत म्हणून ते पाटावर ठेवते. ती दुपारी तशीच बसल्या बसल्या पेंगत असताना सुनेने टेप लावून माप घेतले. वीतभर भरले.

मग सराव सुरू झाला. हात न टेकता खुर्चीतून उठायचे आणि धपकन न बसता सावकाश बसायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. ओट्याजवळच एका पायावर उभे राहायचे. भिंतीला तळवे लावून तिला ढकलायचे. हिसका नाही, पीळ नाही, दम कोंडणे नाही. तीन महिन्यांत हाडे लोखंडाची होतील असे समजू नका, असे मुलीने बजावले. हाडांना वेळ लागतो, पण पाय आणि तोल त्याआधी सुधारतील, आणि न पडणे हेच निम्मे काम आहे. मला हे पटले. रूळ बदलायला वेळ लागतो. तोवर गाडी सावकाश न्यावी.

पुढचा भाग नमस्काराचा. न्हाणीघरातल्या वायपरचा दांडा पाठीला उभा बांधायचा. डोके, खांदे आणि माकडहाड या तिन्ही जागी तो टेकलेला राहिला पाहिजे. शेजारी जड लाकडी खुर्ची. तिच्यावर एक हात, एक पाय मागे, आणि सरळ पाठीने एका गुडघ्यावर उतरायचे, घडी केलेल्या सतरंजीवर. समोर वीतभर उंचीचा पाट. त्यावर पाय हवे होते. बहिणीचे उपलब्ध नसल्याने मी सौभाग्यवतीच्या चपला ठेवल्या.

कामवाली बाई सकाळी साडेसातला येते. सरावाची वेळ तीच. तिने आठवडाभर पाहिले आणि मग बाकीच्या घरांत सांगितले की साहेब रोज गुडघे टेकून बाईंच्या चपलांच्या पाया पडतात, तेही दहा वेळा, आणि मार बसू नये म्हणून पाठीशी दांडा बांधून. कॉलनीतल्या स्त्रिया सौभाग्यवतीला मान देऊ लागल्या. एकीने तिला उपाय विचारला. समोरचे एक निवृत्त गृहस्थ मला फाटकापाशी गाठून हलक्या आवाजात म्हणाले, "भाई साहब, घर में सब ठीक है ना?" मी ठीक आहे म्हणालो. सौभाग्यवतीने कोणाकडेही खुलासा केला नाही. मी कारण विचारले, तेव्हा चाळीस वर्षांनी हे चालून आले आहे, थोडे दिवस राहू दे, असे ती म्हणाली.

संक्रांतीला आम्ही ब्राह्मणपाऱ्यात गेलो. सतरंजी आम्ही नेली होती. लाकडी खुर्ची सुनेने सांगितल्याप्रमाणे तख्ताच्या डाव्या अंगाला ठेवली होती. मी हात टेकला, पाय मागे घेतला, उतरलो. दोन्ही हात पायांवर ठेवले. पाय गार होते.

बहिणीचा हात माझ्या पाठीवर आला आणि मानेपासून खालपर्यंत फिरला.

"फळीवाणी काहून केली पाठ?" ती म्हणाली, आणि बोलू लागली.

अडीच महिन्यांचे साचलेले होते. काचबिंदूचे थेंब बदलले. शेजारच्या घराने भिंत पुढे घेतली. त्या घरात पुतणी म्हणून जी आली होती ती पुतणी नव्हती. एवढ्यात हळदीकुंकवासाठी आलेली एक शेजारीण आत शिरली आणि माझ्या खुर्चीवर बसली. खुर्चीवाचून मला उठता येत नव्हते. वाण घेऊन बसलेल्या बाईस उठवू नये, अशी सौभाग्यवतीने खूण केली. शेजारणीने तिळाचे लाडू खाल्ले, दोन. माझ्याकडे पाहिले, हात जोडले, आणि अशी भक्ती आजकाल दिसत नाही, असे हिंदीत म्हणून ती निघून गेली.

खुर्ची मोकळी झाली. बहीण बोलत होती. हात पाठीवरच होता. त्यानंतरही मी बराच वेळ खुर्ची धरली नाही.

तिचे बोलणे संपले, तेव्हा मी उठलो. गुडघा बधिर होता. मणके जागेवर होते.

"एवढा येळ लागते का आता तुले पाया पडाले?"

"लागतो."

"डॉक्टरनं सांगतलं?"

मी हो म्हणालो. डॉक्टरांनी असे काही सांगितलेले नाही.

"मंग रविवारी लवकर येत जा," ती म्हणाली.