कॉम्प्युटरपायी जावयाचा ओठ फुटला

जय भीम मंडळी. मी बोलतेय आणि कॉलनीच्या या फळ्यावर नात लिहितेय.

दुपारचा आरडाओरडा आमच्याच घरातला. मुलगा आणि जावई मिळून सातपूरच्या एका कारखान्यासाठी हजेरीचा प्रोग्राम लिहितात. उद्या साहेबांना दाखवायचा, आणि कॉम्प्युटर नुसत्या चुका दाखवत होता.

"दाजी, घोळ तुमचाच आहे," मुलगा म्हणाला.

"तू मला अक्कल शिकवू नकोस."

झालं. मुलाने कॉलर धरून ठोसा हाणला, जावयाचा ओठ फुटला. त्यांनी मुलाचं डोकं कपाटावर आपटलं. शिकलेली माणसं हो.

लेकीने दोघांना ढकललं आणि खुर्ची घेतली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायची सवय. तिथे एका फंक्शनच्या पोटात दुसरं लिहिलेलं चालतं, आपल्या या सी भाषेत चालत नाही." आतलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तो तुकडा, तिने उचलून बाहेर ठेवलं. प्रोग्राम चालू झाला.

पण जावई रुसले. "सामान बांध, या घरात परत पाय ठेवायचा नाही."

लेक म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी उद्या साहेबांना प्रोग्राम दाखवून येते."

तेव्हापासून जावईबापू चपला घालून ओट्यावर उभे आहेत. बायाहो, चहाला आत बोलावू, की अजून थोडं उन्हात राहू देऊ?