न दुखणारी दाढ

न दुखणारी अक्कलदाढ काढावी की राहू द्यावी, एवढाच प्रश्न घेऊन मी दंतवैद्यांकडे गेलो होतो. सोबत पत्नी होती आणि नोकरी सुटल्यापासून आमच्याकडे राहणारा माझा धाकटा भाऊ विनायक.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. बाकीच्या दाढा प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या ताठ होत्या. शेवटची मात्र आडवी पडून पुढच्या दाढेला टेकली होती. तिचा दोष एवढाच, की ती सर्वांत शेवटी आली आणि तोवर जबड्यातली जागा संपली होती.

"पण ती दुखत नाही," मी म्हणालो.

"ती नाहीच दुखायची, सर. तिच्यापायी शेजारची चांगली दाढ किडेल."

"आता भाऊजींचंच बघा ना," पत्नी हसून म्हणाली. "कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. हॉलमधला दिवाण तेवढा अडलाय."

विनायकही हसला. जागा कोणाला मिळावी हे गुणांवरून ठरत नाही, आधी कोण आले यावरून ठरते. शरीराचा हा नियम निर्दय आहे, पण समजायला सोपा आहे. मी होकार दिला.

"काढल्यावर तिथं काय राहतं हो?" विनायकने विचारले.

"काही नाही. हिरडी भरून येते. थोड्या दिवसांत जिभेलाही आठवत नाही."

घरी पोचताच विनायक बॅग भरू लागला. माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे मला 'थांब' म्हणावे लागले नाही.

जिभेला खरोखरच आठवत नाही का, हे ज्यांनी दाढ काढून घेतली आहे त्यांनी कृपया स्वतः तपासून पाहावे.