उजवीकडची जागा

आमचे हे पियानो शिकवतात. चोविसाव्या वर्षी देश सोडून इथे आले. पहिली सात वर्षं हॉटेलात जेवणाऱ्यांपुढे वाजवलं, कोणी घासावरून मान वर करायचं नाही. मग घरीच शिकवण्या सुरू केल्या. इथली भाषा अजून धड येत नाही, पण मुलाचं मनगट ताठ झालं की आतल्या खोलीतून बरोबर ओरडतात.

तिकडे बहीण राहिली, नऊ वर्षांची. सरहद्द बंद झाली ती झालीच. पत्रं यायची, माणूस येणं शक्य नव्हतं. तिच्यासाठी ह्यांनी एक रचना केली, एका पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायची. डावी बाजू ह्यांची, उजवी बहिणीची. पोस्टाने पाठवा म्हटलं, तर म्हणे समोरासमोरच देईन. चांगल्या तयारीच्या शिष्या होत्या, पण त्या बाजूला कोणाला हात लावू देतील तर शपथ. रोज संध्याकाळी अर्ध्या बाकावर बसून आपलं तेवढं वाजवायचं आणि उजवीकडे बघत राहायचं. मला मेलीला असा राग यायचा! हाडामांसाची बायको घरात, आणि जागा राखलीय ती न येणाऱ्या माणसाला.

चाळीस वर्षांनी वाट मोकळी झाली आणि नणंदबाई आल्या. त्याही तिकडे शाळेत पियानोच शिकवतात. ह्यांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही, थेट बाकावर बसवलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. ह्यांच्या मनासारखं होऊ दे, एवढंच वाटत होतं.

दोघांनी वाजवलं, एकही चूक नाही. हे खुशीत वळले, तर नणंदबाई मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "यात हात कुठे ताणावाच लागत नाही रे. लहान मुलीसाठी लिहिलंयस."

ह्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. खरंच होतं. प्रत्येक शिष्याचा पंजा पियानोच्या पट्ट्यांवर मापून धडे लिहून देणारा हा माणूस, बहिणीचा हात मात्र नऊ वर्षांचाच धरून बसला होता.

ह्यांनी आपला तळवा बहिणीच्या तळव्याला लावला. तिचं मधलं बोट ह्यांच्यापेक्षा लांब निघालं.

"पुन्हा लिही," नणंदबाई म्हणाल्या. "तीन आठवडे आहे मी."

पहिली रचना लिहायला अकरा वर्षं लागली होती. हे पेन्सिल शोधायला लागले.