पिवळा का निळा

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या रंगाऱ्याची एक खोड होती. बोलायच्या आधी तो भिंतीवरून तळहात फिरवायचा, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणायचा, "घाई नको, मालक. भिंत काय पळून जात न्हाय."

तुम्ही रंगारी बघितले असतील ते दोन दिवसांत घर उरकणारे. हा तसला नव्हता. बाहेरच्या खोलीत त्यानं शेजारी-शेजारी दोन पट्टे मारले. एक झेंडूसारखा पिवळा, एक गर्द निळा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला बघा आन् मग बोला, म्हणाला.

"घरात पावणं लई येतात का? तर पिवळा घ्या. निळा एकट्या माणसाला गिळतोय."

"लई येतात," मी ठोकून दिलं. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पोरगा पुण्यात.

त्याचं खरं होतं. सकाळी पिवळा हसायचा आणि दिवे लागले की निळा विहिरीसारखा खोल व्हायचा. माझा पिवळा कधीच ठरला होता. पण सांगितलं की चार दिवसांत काम संपणार. मी चौथीपर्यंत शिकलोय, तरी एवढं कळतं.

म्हणून तो आला की मी म्हणायचो, "अजून ठरंना, मिस्त्री." तो भिंतीवरून हात फिरवायचा. मग चहा. नवरा-बायको रंगावरून कसे भांडतात ते तो सांगायचा, मी शिरोलीच्या लोखंडाच्या भट्टीत काम केलं तिथलं माझं सांगायचो. अकरा दिवस असं चाललं. एक पावणा फिरकला नाही. मिस्त्रीनं त्याबद्दल विचारलं नाही.

बाराव्या दिवशी तो उंबऱ्यातच थांबला.

"मालक, गुडघा गेला. शिडी झेपत न्हाय. रंग दुसऱ्याकडनं मारून घ्या. लेक मलकापूरला बोलावतीया. एकटा किती दिवस ऱ्हातोस म्हणती. पण तुमच्यात नुसतं येणं-जाणं राहिलं, तर मी न्हाय जात. येत जाऊ का, चहाला?"

मला ये म्हणायचं होतं. तोंडातनं आलं, "कामाशिवाय कशाला? मला काय माणसांची टंचाई हाय?"

"व्हय की," तो हळू म्हणाला. "तुमच्यात पावणं लई."

टोमणा नव्हता तो. माझी लाज राखली त्यानं. जाताना भिंतीला हात लावला नाही.

उभ्या जन्मात मी बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं त्याच्या गावाला गेलो, विचारत विचारत घर काढलं. दाराला कुलूप.

शेजारची बाई अंगण झाडत होती. "आत्ताच गेलं की ते लेकीसंगट. काय काम होतं, पावणं?"

"काम न्हवतं," मी म्हटलं. "नुसताच आलतो."