गाणं संपल्यावरचं बोलणं

मी जळकुकडा माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. शाळेतली पोरं दुसऱ्या मास्तरांच्या गोष्टीला जास्त हसली, तरी त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही. आता वय झालं, धग थोडी कमी झाली आहे. पण एका आवाजापायी मी जेवढा जळलो, तेवढा दुसऱ्या कशापायी जळलो नाही.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा सोनपेठला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि बायको. तिचं माहेर राणीसावरगाव. लग्नाआधी ती तिथल्या बौद्धवाड्यातल्या गायन पार्टीत गायची. जयंतीला मंडपात सवाल-जवाब रंगायचे, एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला पार्टीचा पेटीवाला. लग्न ठरलं तेव्हा मला हे कौतुकाने सांगितलं होतं, आणि मीही कौतुकाने मान डोलावली होती. नवरदेवाचं काय जातं मान डोलवायला!

त्या वर्षी ती जयंतीला माहेरी गेली आणि लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा पुन्हा त्या मंडपात उभी राहिली. माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मी गेलो नव्हतो. तिचा भाऊ पलटणीत होता. सुट्टीवर येताना त्याने कॅसेटचा टेप आणला होता आणि सगळा कार्यक्रम त्यावर भरून घेतला होता. टेपचा स्वतःचा स्पीकर मात्र प्रवासात फाटला. ‘दाजी करतेत काईतरी,’ म्हणून त्याने टेप आणि कॅसेट बहिणीजवळ देऊन टाकली. मला रेडिओ उघडायचा नाद आहे, हे सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

टेपची वायर मी घरच्या रेडिओला जोडली. आता रेडिओच्या स्पीकरची कथा सांगायला हवी. तो मी मागेच रेडिओच्या पोटातून काढून माठाच्या तोंडावर बसवला होता. तेव्हा तशी टूमच निघाली होती. बाजारच्या दिवशी कुंभाराकडून खणखणीत माठ वाजवून आणायचा, त्याच्या तोंडावर स्पीकर आवळायचा, की ढोलकी अशी घुमायची की मांडणीवरचे पेले थरथरायचे. आमच्या आळीत माझ्या माठाचा दबदबा होता आणि मला त्याचा गर्व होता.

कॅसेट लावली. ढोलकी आली, खंजिरी आली. गाणारी माणसं मात्र विहिरीत उतरून गात असावीत तशी वाटत होती. बायको गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या विरल्या आणि मग एक पुरुषाचा आवाज काहीतरी बोलला. त्यावर बायकोचा आवाज काहीतरी बोलला. मग दोघं हसली आणि टेप खट्ट करून थांबला. बोललेलं एक अक्षर कळलं नाही, हसणं तेवढं कळलं. इकडे माझ्यासमोर बसलेली बायकोही स्वतःशीच हसली.

‘काय झालं हसायला?’ मी विचारलं.

‘काई न्हाई,’ ती म्हणाली, ‘तसंच आपलं.’

झालं! ‘तसंच आपलं’ म्हणजे कसं? तो आवाज पेटीवाल्याचा होता, हे मी ओळखलं होतं. आमच्या लग्नातही तो पेटी वाजवत गायला होता. रोजाने मजुरीला जाणारा काडीपैलवान, अंगात उसना सदरा. मला पगार होता, सायकल होती, मनगटावर घड्याळ होतं. त्याच्याजवळ गळ्याशिवाय काही नव्हतं. आणि माझ्या बायकोला एका वाक्यात हसवायला त्याला तेवढा पुरला होता. सहा वर्षांत मी तिला असं हसवल्याचं मला काही केल्या आठवेना.

तिला सरळ विचारलं असतं तर विषय मिटला असता. पण विचारायचं म्हणजे आपण जळतोय हे कबूल करायचं, आणि मास्तराने बायकोपुढे चूक कबूल करायची म्हणजे काय! ती पाण्याला गेली की मी कॅसेट मागे फिरवायचो, माठाला कान लावायचो. माठातून नुसतं ‘हुं हुं हुं’ यायचं. आवाज वाढवला तर घुमणं वाढायचं, शब्द तिथेच बुडालेले.

शेवटी एका रविवारी रेडिओ, टेप आणि माठ घेऊन मी परभणीची एसटी धरली. कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या माठाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मास्तर, सीटवर पाणी सांडू नका बरं का.’ सगळी गाडी हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

परभणीला रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी कॅसेटचं सुरुवातीचं गाणं थोडा वेळ ऐकलं आणि माठावर टिचकी मारली. ‘मास्टरसाब, ढोलक है, खंजरी बी है. पन गानेवाले कां हैं?’ मग त्यांनीच सांगितलं, ‘बीच की आवाज मटका खा रा.’ माणसाचं बोलणं, गाणं सगळं मधल्या पट्टीत असतं. माठ खालचा घुमारा फुगवतो, वरची किणकिण कशीबशी बाहेर निसटते, आणि मधलं सगळं त्या घुमाऱ्याखाली दबून जातं. उपाय सोपा होता. माठ फेकायचा. जाड फळ्यांची पेटी करून माठावरचा मोठा स्पीकर तिच्यात बसवायचा. मधल्या आवाजासाठी कागदी पडद्याचा एक लहान स्पीकर वेगळा लावायचा, तोही पेटीतच पण त्याला स्वतंत्र बंद कप्पा, नाहीतर मोठ्याच्या हवेचे धक्के लहान्याला नाचवतात. लहान्याच्या वायरीत एक कंडेन्सर, म्हणजे ढोलकीचे ठोके त्याच्यापर्यंत पोचायचे नाहीत. ‘अंदर कपास डालो, मगर थोडा. ज्यादा नक्को,’ असं बजावून त्यांनी एका मेलेल्या रेडिओतला लहान स्पीकर काढून मला दिला.

परत आलो आणि कामाला लागलो. वखारीतून सागाच्या फळ्या आणल्या. शाळेतून आलो की करवत घेऊन बसायचो. बायको फळी धरायची, खिळे पुढे करायची. चुलीपुढून दर थोड्या वेळाने विचारायची, ‘झालं का? येईल का आता साफ?’ तिला एवढी उतावीळ मी कधी बघितली नव्हती, आणि त्या उतावीळपणाने माझ्या जखमेवर मीठच पडत होतं. मला वाटायचं, हिला त्याचा आवाज ऐकायची घाई झाली आहे. पेटीच्या तोंडाला मी जाड मांजरपाट लावला, तर ती म्हणाली, ‘अवो, ह्याच्यातून वारं जाईना, आवाज कसा जाईल?’ आणि तिने स्वतःचं विरलेलं व्हॉइलचं पातळ फाडून दिलं. तिचं बरोबर होतं.

एकदा शेजारणीने तिला विचारलेलं मी आतून ऐकलं. ‘मास्तर काय करायलेत गं एवढी ठोकाठोकी?’ ही म्हणाली, ‘माझं गाणं नीट ऐकू यावं म्हणून करायलेत.’ आवाज अभिमानाने भरलेला होता. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. उलट मनात आलं, बरं आहे, हिला संशय आलेला नाही.

पेटी तयार झाली, पण पहिल्या फटक्यात काही जमलं नाही. मिस्त्रींनी बजावूनसुद्धा मी कापूस कोंबला होता. आमच्या भागात कापसाला काय तोटा! आवाज गोधडीत तोंड खुपसल्यासारखा आला. निम्म्याहून जास्त कापूस उपसला, तेव्हा जरा मोकळा झाला. तरी मधला आवाज हडकुळाच. मी वैतागून पान्हा आपटला आणि बायकोवर उगाच खेकसलो. तिने खाली पडलेला पान्हा उचलून माझ्या हातात दिला.

मग रविवारी दुपारी एकदम लक्षात आलं की दोन्ही स्पीकरच्या वायरी जुळल्या आहेत का, हे मी तपासलंच नव्हतं. त्याला टॉर्चचा सेल पुरतो. वायरीची दोन टोकं सेलला टेकवली की स्पीकरचा पडदा एक तर बाहेर येतो, नाही तर आत जातो. बायकोच्या हातात सेल दिला आणि मी पडद्यावर बोट ठेवून बसलो. तिने मोठ्या स्पीकरला सेल टेकवला. ‘बाहेर,’ मी म्हणालो. त्याच वायरी, तसाच सेल, लहान्याला टेकवला. ‘आत.’ एक बाहेर ढकलत होता तेव्हाच दुसरा आत ओढत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत मधला आवाज मरत होता. मी लहान्याच्या वायरी उलट्या केल्या, पेटी बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला स्टुलावर ठेवली, कोपऱ्यातून जरा पुढे ओढली आणि कॅसेट लावली.

बायकोचा आवाज खोलीत आला. आवाज म्हणजे ती स्वतःच आली म्हणा ना, श्वास घेतलेला कळत होता, शब्दावर दिलेला जोर कळत होता. ती माझ्या शेजारी बसून स्वतःलाच ऐकत होती, डोळ्यांत पाणी होतं. आणि मी? एवढं गाणं समोर चाललेलं आणि मी ते कधी संपतं याची वाट बघत होतो.

संपलं. टाळ्या विरल्या. पेटीवाला म्हणाला, अगदी समोर बसून बोलावं तसा, ‘लय लागला गं बाई आज सूर. सासरी गातीस का न्हाई?’

आणि बायकोचा आवाज म्हणाला, ‘तिथं कोण ऐकतंय!’

मग दोघं हसली आणि टेप खट्ट करून थांबला.

मला त्याच्या बोलण्यात पाप सापडायला हवं होतं. इतके दिवस त्यासाठीच तर राबलो होतो. त्याने विचारलेलं कुठल्याही भावाने, शेजाऱ्याने विचारावं तसं होतं. उत्तराचा विचार मी केलाच नव्हता. ते ऐकून माझे कान तापले. बायको खाली बघत होती. बहुतेक आपण काय बोललो ते ती विसरून गेली असावी, हसणं तेवढं लक्षात राहिलं असावं.

‘मी तुला कधी गाऊ नको म्हणालो का?’ मी म्हणालो. माझाच आवाज मला भांडखोर वाटला.

‘न्हाई की,’ ती म्हणाली. ‘कधीच न्हाई म्हणले.’

तिने तक्रार केली असती तर मला भांडता आलं असतं. भाकरी थापताना ती गुणगुणायला लागली की मी बातम्यांचा आवाज वाढवायचो, हे तेव्हा मला आठवलं. आणि खरं सांगतो, एवढं होऊनही माझं जळणं थांबलं नाही. उलट आता त्याला जागा सापडली. जो प्रश्न त्या मजुराने पेटीचा भाता मिटता मिटता सहज विचारला, तो मला सहा वर्षांत सुचला नव्हता. माझा तो प्रश्न त्याने आधीच विचारून टाकला, याची आग मला आजही कधीकधी लागते.

बायको उठून जमिनीवरचे स्क्रू, खिळे वेचायला लागली. मला काहीतरी करायला हवं होतं. मी शक्य तेवढ्या मऊपणाने म्हणालो, ‘आता एखादं म्हण ना. मी ऐकतो.’

तिने मूठभर खिळे डब्यात टाकले, पेटीकडे बघितलं. रागावली नव्हती, अजिबात नाही.

‘टेपमधी हाय की,’ ती म्हणाली. ‘आता साफ ऐकू यायलंय तुमाला.’